बिननवऱ्याची हळद

परवा माझ्या मुलाची हळद झाली. म्हणजे सिरियलीतल्या मुलाची. मला स्वतःला मूल नाही. वाटीत हळद म्हणून जे काही होतं ते मुलतानी माती आणि पिवळा रंग, कारण खरी हळद कपड्यांना लागली की निघत नाही आणि कपडे भाड्याचे असतात. गाणं नंतर लावू म्हणाले. मी आपली ठरल्याप्रमाणे मुलाच्या गालाला बोट लावलं, डोळ्यांत पाणी आणलं, दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "मस्त, काकू, पुढं चला," आणि आम्ही पुढं चाललो. अर्ध्या तासात हळद उरकली. मेकअपच्या खोलीत येऊन बसले तर माझ्या सुनेचं काम करणारी मुलगी मला विचारते, "काकू, तुमच्या लग्नात हळद कशी झाली होती?" या मुली फार गोड असतात आणि फार चौकस असतात. मी म्हटलं, "माझी हळद झाली गं, लग्नच राहिलं." ती हसली. तिला वाटलं, काकू नेहमीसारखं काहीतरी फेकतायत. म्हणून म्हटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरांचं. दाराबाहेर पाऊल टाकलं की बांध, बांधापलीकडं खाजण, म्हणजे भरतीत बुडणारी चिखलट जमीन, आणि त्यापलीकडं मिठाचे ढीग. उन्हात त्यांच्याकडं बघवत नसे. बा आधी मिठागरावर होता, नंतर ट्रकवर गेला. गोव्याच्या रस्त्याला लागला की कधी चार दिवसांनी घरी, कधी आठ. त्यामुळं घर म्हणजे आय आणि मी. मी एकुलती एक. माझ्या पाठीवर झालेलं एक गेलं आणि मग आयला काही झालं नाही. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तांदळाची भाकरी ती परातीत नाही, हातावर थापायची, आणि थापताना तोंडानं काहीतरी चालू असायचं. चुलीवर सुकट भाजली जायची, तो वास अंगावरच्या कपड्यांना दिवसभर यायचा. शाळेत बाई मला शेवटच्या बाकावर बसवत. खाडीला ओहोटी लागली की आय निवटे, ते चिखलात उड्या मारणारे मासे, पकडायला उतरायची. मी बांधावर बसून टोपली सांभाळायची. कालवण असं व्हायचं की दोन भाकऱ्या कधी गेल्या कळत नसे. आता माझ्या फ्रीजमध्ये पापलेट असतं. मी ते खाते, पण त्यात काही राम नाही.

आय धवलारीण होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी फार नंतर आला. त्याआधी लग्न लावायची ती बाईच, धवले म्हणणारी, धवलारीण. मांडव घातला, उंबराची फांदी आणली, हळद लावायची वेळ झाली की ती बसायची आणि धवला सुरू करायची. ती एक ओळ म्हणणार, मागच्या बायका झेलणार. देवांना बोलवायचं, खाडीला बोलवायचं, गेलेल्या पूर्वजांना बोलवायचं आणि मग सगळ्यांच्या साक्षीनं नवरीचं नाव घ्यायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं. आयच्या लेखी लग्न तिथंच लागत असे. पुढची मंगलाष्टकं, फोटो, जेवणावळ ही तिच्या मते नुसती गंमत. तिची आई तेच करायची, तिच्याकडून हिनं घेतलं. आसपासच्या पाच-सात गावांत तिला बोलावणं असायचं. एरवी भांडकुदळ, खडूस बाई. मासळीवालीशी हुज्जत घालताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कुत्री पळायची. पण धवल्याला बसली की ती माझी आय राहायची नाही. माझ्याकडं बघायची ते ओळख नसल्यासारखं. लहानपणी मला त्याची भीती वाटायची.

माझ्या वाट्याला गाणं आलं नाही. आवाज बापावर गेला, ट्रकच्या हॉर्नसारखा. पण पाय मात्र माझे होते. गौरीच्या दिवसांत गावात बायकांचे फेर चालत. आमच्याकडं फेराची एक पद्धत होती. अर्धा फेर लग्न झालेल्या बायकांचा, अर्धा पोरींचा, आणि दोन्ही टोकं एकमेकींचा हात धरून जुळायची. एका बाजूनं बायका प्रश्न टाकायच्या, दुसऱ्या बाजूनं पोरी उत्तर द्यायच्या, सासर-माहेरची टिंगल चालायची. मी पोरींच्या टोकाला पहिली असायची. माझ्याइतकी वाकून, माझ्याइतकी गिरकी घेऊन कुणी नाचत नसे, हे मी आज म्हातारपणी बढाई म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगते. ते बघूनच दिनूमास्तरांनी मला त्यांच्या कोळीनाचाच्या पथकात घेतलं. मास्तर अलिबागला शिंपीकाम करायचे आणि पथक चालवायचे. गणपती, सत्यनारायण, कंपन्यांचे कार्यक्रम, कुठंही जायचं. बा म्हणाला, "जाऊ दे, माझ्याच पायांवर गेलीय, घरात ठरायची नाय." आय म्हणाली, "नाच, पन दात दाखवू नको." मास्तरांचं म्हणणं नेमकं उलटं. ते ओरडायचे, "दात दाखवा गो, दात! लोक दात बघायला येतात!" मी दोघांचंही ऐकायची. स्टेजवर दात, गावात तोंड बंद.

एका हिवाळ्यात पथकाला काशीदला सिनेमासाठी बोलावलं. पुळणीवर नाच होता, आम्ही मागं नाचणाऱ्या. पहाटेपासून सुरूच्या झाडांखाली बसवून ठेवलं होतं. चहा मिळाला तो थंड. मग कपडेवाला आला आणि आम्हाला लुगडी नेसवायला लागला. कशी? घोट्यापर्यंत, पुढं निऱ्यांचा पंखा काढून! मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो दादा, असं नेसून बाई चिखलात उतरली तर तिथंच उताणी पडेल." तो म्हणाला, "तू कोण मला शिकवणार?" झालं, माझ्यात आय शिरली. मी त्याच्या हातातलं लुगडं ओढलं, तिथंच झाडामागं जाऊन गुडघ्यावर चापून नेसून आले आणि त्याच्यासमोर उकिडवी बसून, उठून, पळून दाखवलं. सगळे हसायला लागले. एक चष्मेवाले गृहस्थ हसत नव्हते. ते दिग्दर्शक होते. नाच झाला, आम्ही टेम्पोत बसलो, परत आलो. पुढच्या आठवड्यात त्यांची जीप आमच्या दारात.

त्यांना मिठागरावरच्या माणसांचा सिनेमा करायचा होता. मुंबईची मुलगी घेतली होती, तिला खारात अनवाणी चालता येईना. तिनं काम सोडलं होतं. "तुमची मुलगी मला द्या," असं ते बाला म्हणाले, आणि बा नेमका घरात होता म्हणून बरं, नाहीतर आयनं त्यांना बांधापर्यंत पिटाळलं असतं. बानं विचारलं, "नाचायचं काम?" ते म्हणाले, "नाही, नाच अजिबात नाही. हिचंच काम. अख्ख्या सिनेमात हीच." मी दाराच्या आड उभी होते. मला आठवतं, मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती. माझ्या आयुष्यात मला एवढी कुठली गोष्ट हवी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही.

आय आत भाकरी थापत होती आणि नेहमीप्रमाणे गुणगुणत होती. दिग्दर्शक बोलता बोलता थांबले. त्यांनी विचारलं, हे कोण गातंय? बानं अभिमानानं सगळं सांगितलं, त्याला काय माहीत. साहेब उठूनच उभे राहिले. सिनेमात नायिकेची हळद होती. ते म्हणाले, हळदीत मला हाच आवाज हवा, हाच धवला हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आय पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "खोट्या लग्नाला धवला नाय म्हनायचा," म्हणाली आणि परत आत गेली. साहेबांनी खूप समजावलं. दुसऱ्या गावच्या धवलारणींकडं जाऊन आले. त्यांनीही आयचंच नाव सांगितलं, ती म्हणत असेल तर आम्ही, नाहीतर नाही. शेवटी ते मला म्हणाले, "हे बघ, त्या हळदीवर माझा सगळा सिनेमा उभा आहे. इथं जमत नसेल तर मला वरच्या अंगाला दुसरं गाव बघावं लागेल. तिथली धवलारीण, तिथलीच मुलगी." वाईट बोलले नाहीत, सरळच बोलले. माझं काम आता आयच्या गळ्यात अडकलं होतं.

मी आयच्या मागं लागले. चिखलात मागं, विहिरीवर मागं, चुलीपाशी मागं. जेवण सोडलं, ते फार टिकलं नाही, कारण तिनं मुद्दाम चिंबोऱ्या केल्या. मी म्हणायची, "आये, खोटं असतं ग ते. नवरा खोटा, सासू खोटी, मांडवसुदा खोटा."

"माझं तोंड खोटं नाय," ती म्हणायची.

मग एका संध्याकाळी ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरीवर धवला एकदाच म्हनतात. आज म्हनला तर परत मना तुझ्यावर म्हनता येनार नाय. दुसरं कोन म्हनल तर म्हनू दे, पन मग तो माझ्यासाठी धवला नाय. समजतं का तुना?"

"समजतं."

"तुना काय पन समजत नाय. तुझी हलद लागली म्हनजे लागली. तू या घरची राहनार नाय मग."

मी म्हटलं, "चालंल." एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, ही तिची नेहमीची बडबड. शिवाय खरं सांगू का, लग्न-बिग्न मला तेव्हा फार लांबचं वाटत होतं. मुंबई जवळची वाटत होती. तिनं बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "त्या साहेबाला सांग, नाव मी तुझंच घेईन, सिनेमातलं नाय. आनि नवऱ्याचं नाव घेनार नाय. ज्याला मी वलखत नाय, त्याच्याशी मी माझी पोरगी बांधनार नाय." साहेब खूश. म्हणाले, काहीही करा, फक्त म्हणा.

हळदीचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. सिनेमावाल्यांनी मांडवासाठी कापड आणलं होतं, पण गावच्या गड्यांनी ते बाजूला ठेवलं. मांडव घालायचा तो नीट घालायचा म्हणून बांबू रोवले, वर झावळ्या टाकल्या, उंबराची फांदी वाजतगाजत आणली. साहेबांनी गर्दीला म्हणून बायका बोलावल्या होत्या. बायका आल्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोलीचे वळेसर माळून, आणि प्रत्येकीच्या हातात आहेर! कुणी पातळ आणलं, कुणी पितळेचा गडू, कुणी सुपात तांदूळ. सिनेमाचा माणूस म्हणाला, "अहो, हे आम्ही सांगितलं नव्हतं." एक काकी म्हणाली, "धवला हाय ना? मंग रिकाम्या हातानं कसं यायचं?" नवऱ्याचं काम करणारा मुंबईचा देखणा मुलगा पारावर बसून चहा पीत होता, त्याचं त्या दिवशी काम नव्हतं. त्यानं मांडवात डोकंसुद्धा घातलं नाही.

आय येऊन बसली. हळद तिनं घरी स्वतः दळलेली. माझ्याकडं तिनं पाहिलं आणि मला लहानपणची ती भीती वाटली, कारण तिला मी ओळखू आले नव्हते. तिनं धवला धरला. दिव्यांच्या उजेडात, कॅमेऱ्याच्या घरघरीत, बायका मागून झेलत होत्या. देव बोलावले, खाडी बोलावली, माझी आजी, पणजी, पाठीवर गेलेलं ते भावंडसुद्धा बोलावलं. मग माझं नाव आलं. वनिता. बायकांनी झेललं. मग नवऱ्याचं नाव यायची जागा आली आणि आय गप्प बसली. नुसती गप्प, श्वास घेऊन. बायका आ करून थांबल्या. त्या शांततेत मला दूर कुठंतरी ट्रकचा आवाज आला. मग तिनं पुढची ओळ घेतली. तेवढ्यात रीळ संपलं. साहेब "कट, कट" म्हणाले. आय थांबली नाही. धवला मधे थांबवत नाहीत. दिवे बंद झाले, कॅमेऱ्याचं तोंड झाकलं, सगळे मुंबईवाले कमरेवर हात ठेवून उभे, आणि आय म्हणतेय, बायका झेलतायत, माझ्या अंगाला हळद लागतेय. संपलं तेव्हा तिनं माझी ओटी भरली आणि माझ्या गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडली. साहेबांनी मान हलवून कॅमेरावाल्याला म्हटलं, "हे घ्यायला हवं होतं." मलाही तेच वाटलं. मला वाटलं, आय काय काम करते!

मिठागरावरचं चित्रण उरकलं, पुढचं सगळं मुंबईत होतं. जीप निघाली तर बांधापर्यंत बायका पोचवायला आल्या. आय आली नाही. बानं जीपच्या टपावर माझी पत्र्याची पेटी स्वतः बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "वडखळला रस्ता खराब हाय, हळू."

मुंबईत मला एका विधवाबाईंकडं ठेवलं होतं, गिरगावात. खोलीत खाट, खिडकी, खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर. समोरची बाई चपात्या लाटायची आणि मी बघत बसायची. माझ्या कानाला थापण्याचा आवाज हवा असे. रविवारी काम नसलं की दिवस सरता सरत नसे. घरमालकीणबाई भल्या होत्या, पण त्यांना मासळीचा वास चालत नसे आणि मला दुसरं काही जेवण वाटत नसे. स्टुडिओत दिग्दर्शकांनी माझ्या अंगातला नाच काढायला सुरुवात केली. "चालताना तू ठेका धरतेस. धरू नकोस. दात झाक. काही करू नकोस, नुसती उभी राहा." नुसतं उभं राहणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. पथकात आम्ही आठजणी असायचो, एकीचा खांदा दुसरीला लागायचा, चुकलं तरी आठांत लपायचं. इथं मी एकटी आणि समोर ते भिंग. मी रडकुंडीला यायची. साहेब म्हणायचे, "हां, असंच." मग मला कळलं की त्यांना माझं एकटेपणच हवं होतं. ते मला आयतं येत होतं.

सिनेमा लागला आणि गेला. थोड्या लोकांनी पाहिला, त्यांना आवडला. एका पेपरात कुणीतरी लिहिलं की हळदीच्या प्रसंगात नवऱ्याच्या नावाच्या जागी जी शांतता आहे, तिथं दिग्दर्शकाची प्रतिभा दिसते. मी ते कात्रण बरेच दिवस जपलं होतं, आणि वाचताना दर वेळी हसायची. त्यानंतर काम नाही. सहा महिने नाही, वर्ष नाही. साहेब परदेशात कुठं तरी निघून गेले. मी ठरवलं, बस झालं, घरी जायचं. मास्तरांच्या पथकात परत नाचायचं, आयबरोबर निवटे पकडायचे. गौरी-गणपतीच्या सुमारास मी पेटी घेऊन एसटीनं गावी आले. कुणाला कळवलं नव्हतं. परत जायचंच नाही, तर कळवायचं कशाला, अशा विचारात होते.

आयनं दारातच थांबवलं. आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि तांब्या आणला, माझ्यावरून ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं. माहेरी आलेल्या लेकीला घेतात तसं घेतलं. मला गंमत वाटली. मग मी सवयीनं परातीला हात घातला तर तिनं परात ओढून घेतली. "तू बस. चार दिस आलेली पोर काम करते का?" ताट वाढलं ते पाहुण्यांचं स्टीलचं, माझं जुनं वाकडं जर्मनचं नाही. मी म्हटलं, "आये, मी राहायला आलेय." ती म्हणाली, "रहा की. गौरी जाईपर्यंत रहा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला येतं भांडायला. ती इतक्या मायेनं बोलत होती की मला तोंडच उघडता येईना.

संध्याकाळी गौरीपुढं फेर धरला. ढोलकी ऐकू आली आणि माझे पाय आपोआप निघाले. मी पोरींच्या टोकाला जाऊन माझ्या जागी उभी राहिले. तिथं आता दुसरी पोर होती, शेजारची सुरेखा, माझ्याहून लहान. ती म्हणाली, "वनीताई, तू इकरं कशी? तू तिकरं ना." तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं माझ्या हळदीत तांदूळ टाकले होते. मी बायकांच्या बाजूला गेले. काकी सरकल्या, जागा केली, पण हात द्यायला एक क्षण थांबल्या. त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. गळा मोकळा. कपाळाला टिकली होती, ती तर पोरीही लावतात. त्यांनाही कळेना, मला कुठं धरायचं. कुणी वाईट बोललं नाही. एक म्हणाली, "बस गो, तू दमून आलीस, तू बघ." मी भिंतीला टेकून बसले आणि बघितलं. आमच्या गावचा फेर मी बाहेरून पहिल्यांदाच बघत होते. किती सुंदर होता, मेला. मला रडू आवरेना, तर आय जवळ येऊन म्हणाली, "घराची आठवन येते का?" मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती खरंच विचारत होती.

गौरी गेल्यावर तिनं विचारलं, "कवा निघतस?" मी म्हटलं, "उद्या." तिनं ओटी भरली, सुकटीची पुडी बांधून दिली, वालाच्या बिरड्यासाठी वाल दिले. बा पेणपर्यंत ट्रकमधून सोडायला आला. वाटेत मी त्याला म्हटलं, "बा, तू तरी सांग तिला." त्यानं गिअर बदलला. म्हणाला, "मी सांगितलं. ती बोलते, मी म्हनलेलं मीच कसं पुसू?" मग मी मुंबईला परत आले, आणि लोक मुलाखतीत विचारतात की अभिनयाकडं कशा वळलात, तर हे असं. मला दुसरीकडं जायला जागा नव्हती. मिळेल ते काम केलं. मोलकरीण केली, नर्स केली, कुणाची मावशी, कुणाची विधवा बहीण. नाचायला मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. मधे दोन स्थळं आली गावाकडून, आयनं सरळ सांगितलं, हिच्यावर धवला झालाय. मुंबईत एक चांगला माणूस होता, आवाजाचं काम करायचा. मला तो आवडायचा. पण लग्न म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आय यायची, मांडवाबाहेर उभी. तिच्याशिवाय मला ते लग्न वाटेना. त्यानं वाट पाहिली, मग दुसरीशी केलं. बरोबरच केलं त्यानं.

बा गेला, त्यानंतर काही वर्षांनी आयच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनला मुंबईला आणायचं ठरलं. तोवर ती माझ्या घरी कधीच आली नव्हती, मीच जायची, गौरीला आणि दिवाळीला, माहेरपणाला. तिला सकाळी गाडीनं घेऊन आले. उन्हाळा होता. मी पाण्याचा पेला पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. मला लगेच कळलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप लेकीच्या सासरचं पाणी पीत नाहीत, ही आमच्याकडची जुनी रीत. मी चाळिशी ओलांडलेली बाई. ती अंग चोरून खुर्चीच्या टोकावर बसली होती, परक्याच्या घरात बसतात तशी, आणि पदर सारखा सारखा पुढं ओढत होती. कुणीतरी आतून येईल, असं तिला वाटत असावं.

मी स्वयंपाकाला लागले. तिच्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून ती हातांनी चाचपत घरभर फिरली. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. दांडीवरचे कपडे चाचपले. पलंगाची उशी चाचपली. कपाट उघडून आतून हात फिरवला, माझ्या साड्यांवरून, वरपासून खालपर्यंत. चपलांपाशी वाकून एक एक जोड हातात घेऊन पाहिला. बाटलीतलं पाणी कधीच संपलं होतं. ती भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"वने, तुझ्या घरात कोन नाय गो."

"नाय, आये."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती, की एकदा हिला कळू दे, एकदा हिनं मला परत घरची म्हणू दे. आणि आता मला नुसती तिची दया आली. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. ती माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली, कपाळ, गळा, पुन्हा कपाळ.

"पानी दे," ती म्हणाली.

मी पेला भरून दिला. केव्हाची तहानलेली, तिनं तो एका दमात संपवला आणि माझ्यापुढं धरला.

"आनखी दे."